धैर्यवानांची गाडी डावीकडे जाते

गाडी डावीकडे वळली तेव्हा मनमोहनराव धैर्यवानांनी गाडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी खोलीतल्या माणसांची तोंडं पाहिली. विमा कंपनीत मोटारींच्या आणि मालाच्या दाव्यांच्या टेबलावर हयात घालवलेल्या माणसाची ही सवय. वस्तू बोलत नाही, तोंडं बोलतात, असं त्यांचं मत होतं. खोलीत त्या वेळी तोंडं दोनच होती. एक पत्नी नलूताईंचं, जे काहीच झालं नाही असं दाखवत होतं. दुसरं शेजारच्या कमलाबाईंचं, जे बारा महिने काहीतरी झालंय असंच दाखवतं. मनमोहनरावांना दोन्ही संशयास्पद वाटली.

गाडी म्हणजे पाटाला चार चाकं लावावीत तसा एक यंत्रमानव. मानवासारखं त्याच्यात काही नव्हतं, पण अभिषेक त्याला रोबोटच म्हणायचा. अभिषेक हा मनमोहनरावांचा एकुलता मुलगा. लोअर परळच्या ज्या कंपनीत असले रोबोट बनतात तिथे तो हिशेब पाहतो आणि मेघना चाकं पाहते. चाकं पाहणाऱ्या मुलीच्या प्रेमात हिशेब पाहणारा मुलगा पडला, लग्न ठरलं, रविवारी साखरपुडा. साखरपुड्याचं तबक नवऱ्यामुलाकडून नवरीमुलीकडे या गाडीवरून न्यायचं, ही कल्पना मात्र मनमोहनरावांची स्वतःची. सोसायटीचे सेक्रेटरी विकास यांच्या भाचीच्या साखरपुड्यात अंगठी ड्रोनवरून आली होती आणि गिरगावातली आमची विश्वंभर निवास इमारत तीन महिने दुसरं काही बोलत नव्हती. तेव्हाच मनमोहनरावांनी दात-ओठ खाऊन ठरवलं होतं, की आपल्याकडे जे येईल ते जमिनीवरून येईल, पण येईल.

मेघनाने कंपनीतून बाद झालेला एक जुना नमुना आणून दिला. ऑफिसात तिने चालवून दाखवला तेव्हा तो आखल्यासारखा सरळ गेला होता. घरी आला, नलूताईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी निघाली ती थेट डावीकडे, सोफ्याखाली.

"ऑफिसात सरळ, इथे वाकडी," मनमोहनराव म्हणाले. "म्हणजे मधल्या काळात कोणीतरी हात लावलाय."

"अहो, नवीन घर आहे तिला. बुजली असेल," नलूताई म्हणाल्या आणि घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या. ही घाई मनमोहनरावांनी मनात नोंदवून ठेवली. पण नलूताई स्वयंपाकघरात नेहमीच घाईने जातात, त्यामुळे त्या नोंदीचा पुढे काही उपयोग झाला नाही.

मग त्यांनी मेघनाला फोन लावला. ती कामासाठी भिवंडीला होती. तिने शांतपणे समजावलं, की या गाडीला स्टिअरिंग नसतं. पुढची चाकं वळतच नाहीत. डावीकडे जायचं तर डाव्या बाजूची दोन्ही चाकं हळू फिरतात, उजव्या बाजूची जोरात, आणि चारही चाकं थोडी घसरत घसरत गाडी वळते.

"घसरत?" मनमोहनरावांनी विचारलं.

"हो काका. न घसरता ती वळूच शकत नाही."

मनमोहनरावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांच्या टेबलासमोर बसून माणसं हेच सांगत आली होती. साहेब, गाडी घसरली. दारू प्यायलेला घसरला, भाच्याला चालवायला दिली ती घसरली, गॅरेजमध्ये उभी होती तीही घसरली. आणि आता सून होऊ घातलेली मुलगी सांगत होती, की घसरणं हाच हिचा स्वभाव आहे. मुलगी चांगली होती. पण तिचे वडील शिवडीला गोदामात सुपरवायझर होते, आणि शिवडीच्या गोदामांमधून भिजलेल्या मालाचे जे दावे येत, ते तपासताना मनमोहनरावांच्या डोक्याचे केस गेले होते. व्याही दीपकराव यांच्याशी हसून बोलतानाही त्यांच्या मनात एक ओल येऊन गेलेलं पोतं असायचंच.

मेघनाने एक तपासणी सांगितली. डाव्या आणि उजव्या मोटारींच्या वायरींची अदलाबदल करून बघा. गाडी आता उजवीकडे ओढायला लागली तर दोष आतल्या सर्किटचा. तरीही डावीकडेच गेली तर दोष चाकांकडे. "अभिषेक आला की करेल तो," असंही ती म्हणाली होती, पण पुराव्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही हे मनमोहनरावांचं तत्त्व. त्यांनी स्वतः चष्मा लावून वायरी बदलल्या. एका बाजूची लाल-काळी उलटी बसली. बटण दाबताच डावी चाकं पुढे आणि उजवी मागे फिरू लागली, आणि मंगळागौरीला आल्यासारखी गाडी जागच्या जागी फुगडी घालायला लागली. फुगडी घालता घालता ती सरकत कमलाबाईंच्या दिशेने गेली. कमलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्या कॉटवर चढल्या आणि तिथूनच त्यांनी निदान केलं.

"नजर लागलीय हो! ऐन साखरपुड्याच्या तोंडावर! आमच्या मिक्सरचं असंच झालं होतं."

"कमलाबाई, मिक्सर फिरतोच."

"दोन्ही बाजूंनी?"

 संध्याकाळी अभिषेकने वायरींची अदलाबदल तशीच ठेवून उलटी बसलेली लाल-काळी तेवढी नीट केली. गाडी पुन्हा डावीकडे गेली. म्हणजे दोष चाकांकडे होता, आणि चाकांकडे बघायला वाकावं लागतं, म्हणून मनमोहनरावांनी आधी माणसांकडेच बघायचं ठरवलं.

त्यातच सोसायटी मध्ये पडली. घरातला हॉल अपुरा पडतो म्हणून मनमोहनरावांनी मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये सराव सुरू केला, तसे विकास हजर झाले. सामायिक जागेत वाहन चालवायला कमिटीची परवानगी लागते, असं त्यांचं म्हणणं. हे वाहन नाही, असं मनमोहनरावांचं म्हणणं. मग हे काय आहे, यावर कमिटीची तातडीची सभा भरली. वाहन असेल तर पार्किंग हवं. घरगुती उपकरण असेल तर पॅसेजमध्ये ठेवता येणार नाही. पाळीव प्राणी असेल तर त्याला मालवाहू लिफ्टने न्यायला हवं. शेवटी असं ठरलं, की गाडीला दोरी बांधून, मालकाने दोरी हातात धरून, पाळीव प्राण्यासारखं फिरवावं. विश्वंभर निवासच्या पॅसेजमधून रोज सकाळी एक निवृत्त अधिकारी दोरीला बांधलेला पाट फिरवू लागला. येणारेजाणारे "काय, फिरायला?" म्हणून विचारायचे, आणि हे विचारताना त्यांच्या ओठांचा कोपरा नेमका किती हलतो हे मनमोहनराव बारकाईने पाहायचे. विकास तर एकदा खाली वाकून गाडीला "टॉमी" म्हणाले. हा घाव खोल गेला.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, व्याही मंडळी जेवायला आली. दीपकराव, मेघना आणि दीपकरावांची आई जाईबाई. नलूताईंनी कोळंबीचं भानोलं केलं होतं. दीपकरावांनी पहिला घास घेण्यापूर्वी ते चहूबाजूंनी न्याहाळलं. त्यांच्या लालबागच्या घरी कोळंबी कालवणात पोहते, ती अशी वडीत चिणलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. "यात कोळंबी आहे ना नक्की?" त्यांनी विचारलं. म्हणजे संशय काही फक्त गिरगावातच पिकतो असं नाही.

जेवणाआधी रंगीत तालीम झाली. पॅसेजच्या एका टोकाला मनमोहनराव, दुसऱ्या टोकाला दीपकराव. गाडीवर चांदीचं तबक, तबकात साखरेचा पुडा. मनमोहनरावांनी आदल्या रात्री गाडीला बजावून सांगितलं होतं, पण गाडी निघाली आणि दीपकरावांकडे तोंड करून थोडी गेल्यावर डावीकडे झुकली, भिंतीशी ठेवलेल्या चपलांच्या ढिगात घुसली आणि दीपकरावांच्याच कोल्हापुरींवर थांबली. साखरेचा पुडा कलंडला.

 कमलाबाई दारातून "अगबाई" म्हणाल्या.

"राहू दे," दीपकराव म्हणाले. पण त्यांनी ज्या तऱ्हेने चपला उचलून दुसरीकडे ठेवल्या, त्यात राहू देण्यासारखं काही नव्हतं. मेघना खाली बसून गाडी उलटी करायला लागली, तर मनमोहनरावांनी तिला अडवलं. "तू आज पाहुणी आहेस. जेवायला चल." खरं कारण असं, की जिच्या कंपनीतून गाडी आली तिनेच ती तपासावी हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मेघनाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हात धुवायला गेली. जाईबाईंना गुडघ्यांमुळे टेबलाशी बसवेना. त्या दाराशी, गाडीशेजारी, स्टुलावर बसूनच जेवल्या.

शनिवारी सकाळी मनमोहनरावांनी बटण दाबलं आणि गाडी सरळ गेली.

पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडी रेंगाळत, थोडी कण्हत, पण सरळ. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. मनमोहनरावांनी मात्र चष्मा पुसला. आपोआप बिघडलेली वस्तू एक वेळ मान्य, पण आपोआप सुधारलेली वस्तू त्यांनी नोकरीत कधीच मान्य केली नव्हती. काल काय वेगळं झालं होतं? पाहुणे आले होते. गाडीशेजारी कोण बसलं होतं?

नलूताई भाजीला गेल्या होत्या. मनमोहनराव गुडघे टेकून वाकले, आणि उजव्या बाजूच्या मागच्या चाकाच्या आत, आसाला गुंडाळलेला त्यांना तो दिसला. काळा दोरा. पाच गाठी मारलेला.

मनमोहनरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. हे ते चारचौघांत नेहमी सांगत. पण विश्वास नसणं वेगळं आणि रिकाम्या पॅसेजमध्ये आपल्या घरच्या शुभकार्याच्या वस्तूला पाच गाठींचा काळा दोरा सापडणं वेगळं.  त्यांनी कात्री आणली, दोरा कापला, चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर ठेवला आणि गाडी पुन्हा सोडली.

गाडी डावीकडे गेली. कालच्यापेक्षा जोरात.

आता शंकेला जागाच उरली नाही. दोरा होता तोवर सरळ, दोरा काढला की वाकडी. म्हणजे गाडी आता त्या दोऱ्याच्या ताब्यात होती! उद्या हीच गाडी तबक घेऊन जाणार, आणि ज्यांनी दोरा बांधला तेच सोयरे म्हणून घरात येणार. मनमोहनरावांनी फोन उचलला. रागात माणसाने फोन उचलू नये, पण रागात नसताना अशा फोनची गरजच पडत नाही.

"दीपकराव, हे बरं नाही केलंत," ते म्हणाले. "मुलीचं लग्न मोडायचं होतं तर तोंडावर सांगायचं. आईंना गाडीशेजारी बसवून करणी करायची काय गरज होती?"

 दीपकराव इतके सावकाश बोलले, की मनमोहनरावांना प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला.

"काल तुम्ही माझ्या मुलीचं तबक पायताणात नेऊन घातलंत, तरी मी जेवलो. तुमचं ते भानोलं पण जेवलो. आज तुम्ही माझ्या म्हातारीला चेटकीण म्हणताय. उद्याचं विसरा, मनमोहनराव."

पलीकडचा फोन स्पीकरवर होता, हे मनमोहनरावांना मागाहून कळलं. कारण शेवटी मागून मेघनाचा आवाज आला, "बाबा, ठेवा आता," आणि त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मनमोहनरावांना बरं वाटलं असतं.

नलूताई भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रावरचा दोरा त्यांच्यापुढे धरला. "हे बघ. उजव्या चाकाला."

नलूताई दोऱ्याकडे पाहतच राहिल्या. पिशवीतून एक लिंबू निसटून घरंगळलं, तेही त्यांनी उचललं नाही.

"उजव्या?" त्या म्हणाल्या. "पण मी तर डाव्या बांधला होता."

मनमोहनराव खाली बसले.

गाडी घरात आली त्याच संध्याकाळी कमलाबाईंनी दिलेला काळा दोरा नलूताईंनी डाव्या बाजूच्या मागच्या आसाला बांधला होता. एकुलत्या मुलाचं कार्य, सगळ्या इमारतीचं लक्ष त्या गाडीवर, विकासची ती बघण्याची तऱ्हा. नजर लागू नये म्हणून. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दिवसभर माझी उलटतपासणी घेतली असती," त्या रडत म्हणाल्या. दोघांनी मिळून गाडी उलटी केली. डाव्या आसात दोरा इतका घट्ट रुतला होता, की चाकाला धड फिरताच येत नव्हतं.

अभिषेक ऑफिसातून धावत आला. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आता मी तिला काय सांगू?" मनमोहनरावांना मुलाचा असा चेहरा माहीत नव्हता. त्याच्या पहिलीच्या निकालापासूनचे सगळे चेहरे त्यांना माहीत होते, हा नव्हता. त्यांनी टॅक्सी बोलावली. गाडी मांडीवर घेतली. तिघं दीपकरावांच्या घरी लालबागला निघाले. टॅक्सीवाल्याने "हे काय आहे साहेब?" विचारलं, तेव्हा मनमोहनरावांनी मांडीवरचा पाट आणखी जवळ ओढला.

दीपकरावांनी दार उघडलं, पण दारातून बाजूला झाले नाहीत. आतून जाईबाईंचा आवाज आला, "दीपक, माणसां दारात उभी ठेवू नको. आत घे, मगे भांड."

आत गेल्यावर मनमोहनरावांनी गाडी जमिनीवर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नोकरीत असताना त्यांनी पुष्कळांचे जबाब घेतले होते, द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. डाव्या चाकाचा दोरा आमच्या घरचा, गाडी त्यानेच वाकडी चालत होती, आणि मी बोललो ते सगळं चूक. "मला लाज वाटते," ते म्हणाले. "दुसरा शब्द नाही माझ्याकडे."

"आणि उजव्या चाकाचा?" दीपकरावांनी विचारलं. ते अजून उभेच होते.

"ता मिया बांधलंय," जाईबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. दीपकरावांचं तोंड उघडं राहिलं.

"तबक चपलांत गेला. मिया म्हटलंय, नक्की कोणाची तरी नजर लागली. तुम्ही आतमधी जेवत होतास, माझ्या हातात गजऱ्याच्या पुडीत दोरो होतोच. बांधलंय. त्याच्यात काय विचारूचा?"

मेघना खाली बसली आणि गाडी उलटी केली. डाव्या आसावरचा रुतलेला दोरा तिने बोट लावून पाहिला. मग उजव्या आसावरची रिकामी खूण पाहिली. इतका वेळ घट्ट मिटलेले तिचे ओठ थोडे हलले.

"एका बाजूला दोरा असला की त्या बाजूची चाकं अडतात आणि गाडी तिकडे ओढते," ती म्हणाली. "आजीने दुसऱ्या बाजूला बांधला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या अडल्या. म्हणून सरळ गेली." ती मनमोहनरावांकडे वळली. "आमच्या दोऱ्याने ती सरळ झाली होती, काका. तोच तुम्ही कापलात."

 इतक्या वर्षांत मनमोहनरावांनी चुकीचा माणूस कधी पकडला नव्हता, निदान तसं त्यांना वाटायचं.

"गाडीचं काही नाही," मेघना म्हणाली. "दोन मिनिटांत नीट होईल. पण मी तुमच्या घरात आल्यावर एखाद्या दिवशी दूध नासलं, तर? तेव्हा तुम्ही कोणाला फोन करणार?"

हा प्रश्न तिने भांडणासाठी विचारला नव्हता, तिला उत्तर हवं होतं. अभिषेक भिंतीकडे पाहू लागला. नलूताईंनी पदर तोंडाला लावला. मनमोहनरावांनी पहिल्यांदाच समोरच्या तोंडाकडे काही शोधायला म्हणून पाहिलं नाही.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "माझी जन्माची खोड आहे. उद्यापासून जाईल असं मी सांगितलं, तर मीच त्यावर विश्वास ठेवणार नाही. पण फोन करण्याआधी तुला विचारीन. एवढं करीन."

 दीपकराव सावकाश खुर्चीवर बसले. उभ्याने ऐकायचं होतं ते बहुधा त्यांचं ऐकून झालं होतं.

मग जाईबाईंनी हाक मारली. "व्याहीनू, हय येवा. माझ्यासमोर बसा."

मनमोहनराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. जाईबाईंनी त्यांचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पुडीतून नवा काळा दोरा काढला.

"गाडयेक भायल्या कोणाची नजर लागाक नाय," त्या दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "तुमचीच लागली. काल मिया बघत होतंय. ती बिचारी जातली थंय तुमचे डोळे तिच्या पाठसून. असा बघतास, जशी काय ती तुमचा घर लुटून जाता. पोरीकडेय तसाच बघतास." त्यांनी पाचवी गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला. "आता बघा कसा बघूचा ता."

दीपकराव खो खो हसले आणि हसल्यावर आपण हसलो याची त्यांना लाज वाटली. मनमोहनराव मनगटाकडे पाहत राहिले. दोरा चांगला करकचून बसला होता. विश्वास नसणाऱ्या माणसाने तो लगेच सोडवायला हवा होता.

"घट्ट झाला का, काका?" मेघनाने विचारलं.

मनमोहनरावांनी हात जरा हलवून पाहिला.

"थोडं उजवीकडे ओढतंय," ते म्हणाले.

मेघना हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि गाडीचं डावं चाक काढायला घेतलं. दीपकरावांनी उठून सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि उद्या मंडळींनी किती वाजता यायचं ते मनमोहनरावांना विचारलं.